माणूस तोच, टेबल तेच

सरकारी कार्यालयात कुणी कामच करत नाही, हे वाक्य चहाच्या टपरीपासून निकाहच्या मंडपापर्यंत ऐकू येते. मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. मुलांचे दाखले, शिष्यवृत्त्या, स्वतःचे सेवापुस्तक यांसाठी कार्यालयांत सतत जावे लागते. माझा अनुभव या वाक्यापेक्षा थोडा वेगळा आहे.

मागे एका विद्यार्थिनीचा अर्ज अडकला. शाळेच्या दाखल्यावर ‘फातेमा’, आधारवर ‘फातिमा’. उर्दूतून देवनागरीत येताना आपली नावे अशी बदलतातच. भाऊसाहेबांनी अर्ज तीनदा परत केला. मुलीचे वडील हमाली करतात. प्रत्येक चक्कर म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. पण भाऊसाहेबांकडेही दोन टेबलांचे काम होते, शेजारची जागा रिक्त होती आणि साध्या निर्णयासाठीही साहेबांची सही लागे.

मग नवे साहेब आले. रिक्त जागा भरली. नावातल्या किरकोळ फरकाचा निर्णय टेबलावरच होऊ लागला. दर शुक्रवारी प्रलंबित कागदांची यादी साहेब स्वतः पाहू लागले. त्याच भाऊसाहेबांनी मला हाक मारली, “सर, शाळेचं पत्र आणि वडिलांचं स्वयंघोषणापत्र द्या, आजच टिपणी टाकतो.” मुदतीला चार दिवस होते. अर्ज गेला.

माणूस बदलला नव्हता, व्यवस्था बदलली होती. 1980 च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी हेच दाखवले. जुने रेकॉर्ड निवडून नीट लावले, बसण्याची रचना बदलली, कामाची पद्धत सुटसुटीत केली. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून तो प्रयोग आजही सांगितला जातो.

कायदेही आहेत. 2005 च्या कायद्यानुसार फाईल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत आणि अपिलाची सोय दिली. पण दोन माणसांचे काम एकावर असेल आणि चांगल्या कामाची दखल कुणी घेत नसेल, तर नुसत्या कायद्याने फाईल हलत नाही. जाणूनबुजून अडवणूक करणारेही असतात, त्यांची गय नको.

म्हणून कार्यालयात जाताना अर्जाची पोच जरूर घ्या, मुदत विचारा, गरज पडल्यास अपील करा. आणि रिक्त जागा कधी भरणार, हेही लोकप्रतिनिधींना विचारा. त्या रिकाम्या खुर्चीची किंमत शेवटी एखादा हमाल आपल्या मजुरीतून मोजत असतो.