मोबाईलचा मॉडेम आणि कोपरची लोकल

"मोबाईलचा मॉडेम करून नेट चालवायचो" असं ऑफिसातल्या नव्या पोरांना सांगितलं की ती आधी विचारतात, "मॉडेम म्हणजे?" बरोबर आहे त्यांचं. हॉटस्पॉटचं बटण दाबलं की झालं, एवढंच त्यांना माहीत. २००५ च्या आसपास मात्र ही एक साधना होती मंडळी! डेटा केबल, फोनबरोबर आलेली सीडी, ड्रायव्हर, आणि मग डायल-अपच्या खिडकीत नंबर टाकायचा: *९९#. सीडीएमएवाल्यांचा वेगळा, #७७७.

गंमत म्हणजे हा नंबर कुठेच लागत नसे. पलीकडे कुणी फोन उचलत नसे. लॅपटॉपला मॉडेमशी बोलायची एकच जुनी भाषा ठाऊक होती, ती १९८१ च्या हेज स्मार्टमॉडेमची. प्रत्येक हुकमाच्या आधी 'एटी', म्हणजे अटेन्शन. सावधान! मोबाईल हे हुकूम ऐकायचा, "हो हो, लावला नंबर, लागला" असं खुशाल खोटं सांगायचा आणि आतल्या आत जीपीआरएसचं सत्र सुरू करायचा. लॅपटॉपला शेवटपर्यंत वाटत राहायचं की आपण टेलिफोनच्या तारेवरच आहोत. जुन्या सॉफ्टवेअरला न दुखवता नवं तंत्र खपवायचं असेल तर असंच करावं लागतं. आमच्या धंद्यात आजही तेच चालतं.

वेग? एका टाईमस्लॉटला १३.४ केबीपीएस, फोनला उतरवून घ्यायला मिळणार जास्तीत जास्त ४ स्लॉट. म्हणजे कागदावर ५३.६. प्रत्यक्षात ४० मिळाले तरी देव पावला. त्या हिशोबाने १ एमबीला साडेतीन मिनिटं. त्यातही स्लॉटवर पहिला हक्क बोलणाऱ्यांचा, उरलेसुरले आपल्याला. संध्याकाळी सगळं गाव "निघालो, दिव्याला आहे, भात लाव" सांगायला फोनवर आलं की आमचं नेट मुंगीच्या पावलाने. आणि आईचा फोन आला की पॅकेट जागच्या जागी थांबायची. "जेवलास का?" "हो जेवलो गं, ठेव आता, सर्व्हर लटकलाय." तिला बिचारीला काय कळणार सर्व्हर कुठे लटकला ते.

मग एवढी खटपट कशासाठी? त्याचं उत्तर कोपरच्या भूगोलात आहे.

दिवा आणि डोंबिवलीच्या मधलं आमचं स्टेशन. वरून वसई-दिवा लाईन जाते, खालून मेन लाईन. फास्ट लोकल इथे थांबत नाही. कोपराने कोपर ढोसत कोपरला उतरायचं, हा विनोद इथे प्रत्येकाने एकदा तरी केलेला असतो :) सरकारदरबारी आमची ओळख आणखी मजेशीर. लँडलाईनला आम्ही ०२५१ वाले, म्हणजे मुंबईबाहेरचे. पण मोबाईलच्या सर्कलमध्ये कल्याण-डोंबिवली मुंबईत धरलेली, म्हणजे तिथे आम्ही पक्के मुंबईकर. आणि विजेच्या बाबतीत पुन्हा परगावचे. २००५ नंतरची काही वर्षं मुंबई शहर भारनियमनातून सुटलेलं, पण इकडे दिवसाचे काही तास लाईट नाही म्हणजे नाही.

घरात ब्रॉडबँड आलं होतं. लँडलाईनला एक्स्चेंजमधून वीज मिळते, त्यामुळे लाईट गेली तरी फोन चालू राहायचा. पण ब्रॉडबँडच्या मॉडेमचा प्लग भिंतीत, तो मुका. अशा वेळी चालू काय? लॅपटॉप, बॅटरीवर. मोबाईल, बॅटरीवर. टॉवर, त्याच्या बॅटऱ्यांवर आणि डिझेलच्या जनरेटरवर. बस, एवढ्यावर ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत पोचता यायचं. एक अक्षर टाईप करा, ते पडद्यावर उमटायला पाऊण-एक सेकंद थांबा. मध्येच लाईन तुटली तर 'स्क्रीन' नावाची एक छोटी युटिलिटी पलीकडचं काम जिवंत ठेवायची. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं असतील तर भागायचं. चित्रं बघायची नाहीत, अपडेट तर अजिबात नाही, कारण १० केबीला १० पैसे हा सर्रास दर होता. १ एमबी म्हणजे दहा रुपये, दोन वडापाव.

पण त्या दहा रुपयांत एक लोकल वाचत होती. सपोर्टचं काम करणाऱ्याला रात्री फोन आला की पूर्वी पहाटेची पहिली गाडी पकडणे हाच उपाय. आता गादीवर बसून सर्व्हिस रीस्टार्ट करता येऊ लागली. ज्यांना हे किरकोळ वाटतं त्यांनी सकाळी आठ वाजता कोपरच्या फलाटावर एकदा उभं राहून बघावं. गाडी दिव्याहून येवो की डोंबिवलीहून, दारात लटकलेली माणसं ठरलेली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारातली माणसं पडली, काही जीव गेले. त्या बातमीनंतर आठवडाभर आमच्या इमारतीत कुणी लोकलवर विनोद केला नाही. न केलेला प्रवास हा इथे आराम नसतो, तो जिवाचा प्रश्न असतो.

हे सगळ्यांना एकदम कळलं ते २०२० मध्ये. मार्चमध्ये लोकल बंद झाल्या, मध्ये काही काळ ठराविक वेळांपुरत्या मिळाल्या, पुन्हा बंद झाल्या, आणि सर्वसामान्यांसाठी (तेही दोन डोस घेतलेल्यांसाठी) त्या १५ ऑगस्ट २०२१ ला परत सुरू झाल्या. मधला सगळा काळ बँका, विमा कंपन्या, सॉफ्टवेअर कंपन्या इथल्या वन-रूम-किचनमधून चालल्या, आणि कितीतरी घरांत ते फक्त मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. ज्यांनी "घरून काम होऊच शकत नाही" असं वर्षानुवर्षं सांगितलं होतं, त्यांचीच कामं होत होती.

आता दुसरी बाजू. लोकल वाचली, पण रविवार गेला. तार होती तोवर "नेट नाही" हे खरं कारण होतं, साहेबही मान हलवायचे. मोबाईल मॉडेम झाला आणि कारण संपलं. हळदीच्या मांडवात, कोकणातल्या गावी, दवाखान्याच्या बाकावर लॅपटॉप उघडलेली माणसं मी पाहिली आहेत. वाचलेले प्रवासाचे तीन तास माणसाच्या पदरात पडायला हवे होते, ते बहुतेक ठिकाणी कंपनीच्या पदरात पडले. यात मोबाईलचा काही दोष नाही. हिशोब कुणी मांडलाच नाही, एवढंच.

असो. आमच्या टीमपुरता तो आम्ही मांडलाय. ऑन-कॉलची पाळी कागदावर लिहिलेली असते, ज्याची पाळी नाही त्याला फोन करायचा नाही, आणि ज्याचा रविवार मोडला त्याला सोमवारी सुट्टी. तळाशी एक ओळ मी माझ्या हाताने घातली आहे: कोपरवाल्याला फोन केलात तर आधी लाईट आहे का ते विचारा.