वाड्याचे दार आपल्या घराला

सोलापुरात १८७७ साली सुरू झालेली ‘जुनी मिल’ १९६३ मध्ये बंद पडली. पुढे एकेक जुने वाडेही पडले. त्यांचा साग, लोखंडी गज, शहाबादी फरशी जुन्या मालाच्या दुकानांत आली. बुधवार पेठेत आम्ही एका घरी गेलो. ज्या वाड्याच्या दाराबाहेर आजोबांना उभे राहावे लागे, तसलेच सागवानी दार नातवाने घराला बसवले आहे. वर भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. बंधु-भगिनींनो, जुना साग मुरलेला असतो, सहसा वाकत नाही. वाळवी पाहून घ्या, खिळे उपटा. सिमेंटचे जुने पत्रे मात्र फुकट मिळाले तरी नकोत. त्यांतील ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसे खाते. त्या घरच्या ताईंनी दाराची कडी तेवढी नवी आणली. जुनी फक्त बाहेरून लागत होती.