राखणदाराचे ओझे

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कुणाकडे मागायची, असे आपल्याकडे म्हणतात. जुन्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना या म्हणीचा अनुभव जवळजवळ रोजच येतो. व्हायरसपासून बचाव करण्यासाठी बसवलेला अँटिव्हायरस स्वतःची माहिती ताजी करून घेऊ लागला, की मालकाने हातावर हात ठेवून बसायचे. पडद्यावरचे चक्र फिरत राहते, बाण जागचा हलत नाही. घरातले म्हणतात, ‘‘म्हातारा झाला हा, आता बदला.’’ पण दर वेळी दोष म्हातारपणाचाच असतो का?

इंदूरच्या एका मराठी घरातल्या काकूंपुढे हाच प्रश्न उभा राहिला. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने मराठी टायपिंग शिकून घेतले होते. महिला मंडळाचा जमाखर्च, भिशीचा हिशेब सारे त्या कॉम्प्युटरवरच ठेवत. काका गेल्यानंतर त्यांच्या प्रवासाच्या वह्या एकेक पान करून टाइप करणे, हा तर सकाळचा नेमच झाला. पूजा आटोपून दहाला त्या खुर्चीत बसत, पण पहिले अक्षर उमटायला साडेदहा वाजत.

बंगळूरूहून मुलगा फोनवर सांगे, ‘‘आई, तो डबा भंगारात दे. मी नवा पाठवतो.’’

काकूंना ते पटत नसे. शेकडो पाने ज्या जुन्या फाँटमध्ये टाइप झाली होती, तो नव्या यंत्रावर चालेल याची खात्री कोण देणार? शेवटी एके दिवशी वैतागून त्यांनी अँटिव्हायरसच बंद करून टाकला. कॉम्प्युटर लगेच पळू लागला. काकू खूश झाल्या.

जाडजूड होत जाणारा आल्बम

अँटिव्हायरसचे काम पोलीस चौकीतल्या आल्बमसारखे असते. माहीत असलेल्या व्हायरसच्या खुणा त्यात जपलेल्या असतात. उघडली जाणारी प्रत्येक फाइल त्या खुणांशी ताडून पाहिली जाते. नवे व्हायरस रोज निघतात, म्हणून आल्बमातही रोज भर पडते. आठ दिवस कॉम्प्युटर बंद राहिला, तर साठलेली सारी भर सुरू होताच एकदम येते. शिवाय आल्बम बदलला, की काल निर्दोष ठरलेल्या फाइलीही पुष्कळदा पुन्हा तपासल्या जातात.

नव्या यंत्राला हे ओझे जाणवत नाही. जुन्याची गोष्ट वेगळी. त्यातल्या फिरत्या हार्ड डिस्कवर माहिती वाचणारी सुई ग्रामोफोनच्या सुईसारखी जागा बदलत हिंडते. अँटिव्हायरस तिला एकीकडे ओढतो, मालकाचे काम दुसरीकडे. त्यात रॅम दोनच जीबी असली, तर ती भरते आणि उरलेला पसारा पुन्हा त्याच डिस्कवर येऊन पडतो.

राखणदार काढला आणि...

काकूंचा आनंद पंधरा दिवस टिकला. मंडळाचा अहवाल छापून घ्यायला त्या पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. घरी येऊन तो लावला आणि थोड्याच वेळात पेनड्राइव्हवरची सारी फोल्डर नाहीशी झाली. त्यांच्या जागी उरली नुसती शॉर्टकटची चित्रे. काकांच्या वह्यांची एकमेव प्रत त्यातच होती. काकूंना त्या रात्री जेवण गेले नाही. सुदैवाने त्या व्हायरसने फाइली पुसल्या नव्हत्या, फक्त लपवल्या होत्या. दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या दिवशी त्या परत मिळवून दिल्या.

दर वेळी असे निभावत नाही. लाहोरच्या दोन भावांनी 1986 साली तयार केलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीवरून पसरत असे आणि त्याने फारसे नुकसान केले नाही. मे 2017 मध्ये पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने मात्र सुमारे दीडशे देशांतल्या लाखो कॉम्प्युटरमधल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्च 2017 मध्ये दिली होती. ती करून न घेतलेलेच मुख्यतः सापडले.

सुनेने लावलेला छडा

दिवाळीत आलेल्या सुनेने कॉम्प्युटरपुढे बसून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली. कोणता प्रोग्राम किती ताण देतो, ते पडद्यावर आले. त्यात एक नव्हे, दोन अँटिव्हायरस निघाले! एक विकत घेतलेला, दुसरा कधीतरी भलत्याच प्रोग्रामसोबत बसलेला. दोघेही एकाच फाइलीची झडती घेत आणि एकमेकांचीही. शिवाय पूर्ण तपासणीची वेळ होती रात्री दोनची. रात्री यंत्र बंद. मग राहून गेलेली तपासणी सकाळी दहाला, काकू बसताच सुरू होई.

‘‘आई, याचं वय नडलेलं नाही. याचं वेळापत्रक चुकलंय,’’ सून म्हणाली.

तिने जादा अँटिव्हायरस रीतसर काढला, दुसरा पुन्हा सुरू केला आणि तपासणी दुपारी दीडला, काकूंच्या वामकुक्षीच्या वेळी ठेवली. पुढे दुरुस्तीवाल्याकडून फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, रॅम वाढवली. नव्या कॉम्प्युटरच्या मानाने खर्च थोडाच आला. आता काकूंचे पहिले अक्षर दहा वाजून पाच मिनिटांनी उमटते.

मात्र सुनेने एक गोष्ट स्पष्ट सांगितली. ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा नियमित आधार संपला आहे. अशा यंत्रावर नुसत्या अँटिव्हायरसच्या भरवशावर बँकेचे व्यवहार करू नयेत. काकूंनी लिहिण्यापुरता तो ठेवला, इंटरनेटची कामे मुलाने पाठवलेल्या टॅबवर नेली.

आणि वह्यांच्या दोन प्रती वेगळ्या ठेवल्या. कारण राखणदारही कधी चुकतो. एप्रिल 2010 मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची आवश्यक फाइलच व्हायरस समजून अडवली होती. जुलै 2024 मध्ये क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे 85 लाख कॉम्प्युटर ठप्प झाले.

घरातले जुने यंत्र काय किंवा जुने माणूस काय, मंदावले की आपण पहिला दोष वयाला देतो. त्याच्यावर कोणते ओझे कोणत्या वेळी टाकले आहे, हे पाहायला अर्धा तास कुणी बसत नाही. सून बसली. काकांच्या तिसऱ्या वहीची आता शेवटचीच पाने उरली आहेत.