स्वागताचे चौदा सेकंद

वाचनालयातल्या संगणकांनी सभासदांचं मराठीत स्वागत करावं, ही कल्पना माझी. लॉगऑन झाल्यावर विंडोज ७ ची ठरावीक धून वाजायची, तिथे आपल्या माणसाचा आवाज यावा असं फार वाटत होतं. मजकूर कागदावर लिहून काढला: नमस्कार, संस्थेचं पूर्ण नाव, मनःपूर्वक स्वागत, कृपया शांतता राखा, काम झाल्यावर संगणक बंद करा. वाचायला चौदा सेकंद लागले. विंडोज ९५ चा सुरुवातीचा आवाज संगीतकार ब्रायन ईनो यांचा. त्यासाठी ८४ तुकडे रचल्याचं त्यांनी मुलाखतीत सांगितलंय, आणि शेवटी वापरला गेला तो साधारण सहा सेकंदांचा. हे मी वाचलेलं होतं. तरी माझ्या मजकुरातलं एकही वाक्य गाळावंसं वाटलं नाही. सूचना फलकावर लिहावं तसं मी लिहीत गेलो.

रेकॉर्डिंग भर दुपारी, पंख्याखाली बसून केलं. हेडफोनचा माइक थेट ओठांसमोर. 'कृपया'तल्या 'प'ला दर वेळी फट्‌ असा आवाज यायचा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये आलेख मोठा करून पाहिला, तर त्या जागी लाटांची टोकं वर आणि खाली सपाट कापलेली. एकदा कापलेलं टोक आवाज कमी करून परत येत नाही. मी मात्र बराच वेळ तेच करत बसलो. शेवटी माइक गालाच्या बाजूला सरकवला, पातळी उतरवली, पंखा बंद केला आणि पुन्हा बोललो. आवाज स्वच्छ आला. मग तो साठवला एमपी३ मध्ये, आणि विंडोजला वेव्ह फाइल लागते म्हणून नुसतं फाइलचं नाव बदललं. काहीच वाजलं नाही. नाव बदललं तरी आतली मांडणी तीच राहते. ऑडॅसिटीतून वेव्ह म्हणून एक्सपोर्टच करावं लागतं.

हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. मोठी चूक पुढे झाली. विंडोज ७ सुरू होताना अगदी पहिला जो आवाज येतो, तो एका सिस्टिम फाइलच्या पोटात असतो. कंट्रोल पॅनलमधून तो फक्त चालू किंवा बंद करता येतो. लॉगऑनचा आवाज मात्र बदलता येतो, म्हणून माझं स्वागत मी तिथे लावलं. आमच्याकडे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक दृष्टिहीन मुलगा येतो. तो एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरतो. लॉगऑन झालं की हा रीडर आपोआप सुरू होतो आणि पडद्यावरचं वाचून दाखवू लागतो. नेमका त्याच वेळी माझा आवाज त्याच्यावर चढत होता.

काही दिवस तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, तुमचं बोलणं संपेपर्यंत मला मशीन काय सांगतंय ते कळत नाही. मी हात बाजूला ठेवून बसून राहतो."

मला फार वाईट वाटलं. डोळस माणूस ती धून कानाआड करून कामाला लागतो. या मुलासाठी ती मशीन चालू झाल्याची खूण होती, आणि तीच मी काढून घेतली होती. संगणक खोलीत सर्वांत जास्त कानांवर विसंबणारा वाचक तोच. मजकूर ठरवताना त्यालाच विचारलं नव्हतं. तुला काय हवं, असं आता विचारलं. "नंबर सांगा," तो म्हणाला. "मी कुठल्या मशीनवर बसलोय ते कळलं की झालं. प्रिंटर एकालाच आहे ना."

आता 'तीन नंबर सुरू' एवढंच वाजतं. पहिलं अक्षर गिळलं जात होतं, म्हणून सुरुवातीला अर्ध्या सेकंदाची शांतता ठेवली आहे. 'चार नंबर, प्रिंटर' हे त्याने स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून दिलं, आणि ते माझ्यापेक्षा स्पष्ट आहे. उरलेल्या मशीनचंही त्यालाच करायला सांगितलंय. पूर्वपरीक्षा झाली की बसतो म्हणालाय.