तलवारीचा आवाज

बालपण डोळ्यांपेक्षा कानांतच अधिक टिकते, असे मला वाटते. ‘स्टार वॉर्स’चे १९७७, १९८० आणि १९८३ चे तिन्ही चित्रपट आम्ही भावंडांनी भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर इतके पाहिले, की घरातली एक काठी जागेवर राहिली नाही. तोंडाने ‘घुंऽऽ’ केले, की काठीची झाली प्रकाशाची तलवार!

वडील जत्रेतल्या तंबू-सिनेमाचे ऑपरेटर. ते ‘घुंऽऽ’ ऐकून म्हणाले, “अरे, ही तर आपल्या मशीनची मोटर!” आई म्हणाली, “यांना देवळातल्या घंटेतही मशीनच ऐकू येते.”

पुढे मी वाचले, की त्या चित्रपटांचे ध्वनिकार बेन बर्ट विद्यार्थिदशेत स्वतः प्रोजेक्टर चालवीत. त्याच्या मोटरीची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची गुणगुण मिसळून त्यांनी तलवारीचा आवाज घडवला होता. वडिलांना हे सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण त्या रात्री अख्खा चित्रपट प्रथमच बसून पाहिला. ऑपरेटरला कोण विचारतो, असे मात्र पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

आता तंबूंत डिजिटल यंत्रे आली; वडीलही नाहीत. पडद्यावर तलवारी परजल्या, की मी आवाज थोडा वाढवतो.