निळीच्या रांजणाकाठी

जपानमधील नागोया शहरात आरिमात्सु नावाची जुनी वस्ती आहे. १६०८ साली ती तोकाइदो या राजमार्गावर वसली. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, आणि क्योतो यांच्या दरम्यान ये-जा करणारे वाटसरू येथे थांबत व बांधणीची निळी वस्त्रे विकत घेत. या बांधणीला जपानी लोक 'शिबोरी' म्हणतात.

नोकरीनिमित्त नागोयास राहणारी एक मराठी तरुणी एका रविवारी तेथील कार्यशाळेत गेली. एखादा रुमाल घ्यावा आणि परत फिरावे, एवढाच तिचा बेत होता.

आत एक वृद्ध कलावती पांढरे कापड चिमटीत धरून त्याला दोऱ्याचे घट्ट वेढे देत होत्या. एकेका किमोनोवर अशा हजारो गाठी बसतात आणि त्या बांधण्यास महिनेच्या महिने लागतात. दोरा जेथे आवळला जातो, तेथे रंग शिरत नाही. तेवढा ठिपका पांढरा राहतो. नक्षी उमटते ती रंगाला अडवून!

मग त्यांनी बांधलेला रुमाल निळीच्या रांजणात बुडविला. नीळ पाण्यात विरघळत नाही. क्षारयुक्त पाण्यात आंबविली म्हणजेच ती धाग्यात शिरते. रुमाल बाहेर आला तो हिरवट! तरुणी हिरमुसली. पण हवा लागताच हिरवा रंग मावळला आणि पाहता पाहता निळा उमलला. ही हवेतील प्राणवायूची किमया होती.

तरुणी निघाली, तेव्हा कलावतींची दृष्टी तिच्या पिशवीकडे गेली. तिच्या आजीने जुन्या लुगड्यांचे थर शिवून ती केली होती. चारचौघांत ती वापरण्यास तरुणीस संकोच वाटे. कलावतींनी मात्र ती दोन्ही हातांत घेतली आणि टाक्यांवरून हळुवार बोट फिरविले. जपानातही जुन्या कापडाचे थर असेच शिवीत. त्या कामाला 'साशिको' म्हणतात.

"या टाक्याला तुमच्याकडे काय म्हणतात?" त्यांनी विचारले.

तरुणीची मान खाली गेली. तिला ते ठाऊक नव्हते.

त्या रात्री तिने आजीला फोन केला. आजी हसून म्हणाली, "अगं, धावदोरा तो! पण आज हे कुठून सुचलं तुला?"

पुढील रविवारी तरुणी पुन्हा आरिमात्सुला गेली. या वेळी तिला काही विकत घ्यावयाचे नव्हते. एक शब्द पोहोचवावयाचा होता.