हॅगिसला बॅगपाइप, मग वजडीला बंद खिडकी का?

२५ जानेवारीच्या रात्री आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मित्राने एडिंबरोहून व्हिडिओ पाठवला. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर तो तिकडे शिकतो आहे. हा दिवस स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याचा जन्मदिवस. त्या रात्री तिथे हॅगिस नावाचा पदार्थ मोठ्या ताटात ठेवून, बॅगपाइप वाजवत, मिरवत आणतात. बर्न्सने १७८६ साली या पदार्थावर लिहिलेली कविता म्हणतात आणि मगच त्यावर सुरी चालवतात. हा पदार्थ म्हणजे काय? मेंढीचे काळीज, हृदय आणि फुफ्फुस बारीक करायचे, त्यात कांदा, चरबी, ओट्स, मिरी घालायची आणि मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरून उकडायचे. व्हिडिओखाली मित्राने लिहिले होते, "ही तर आपली वजडी. पुण्याच्या होस्टेलवर मी ती एकदाही डब्यात नेली नाही."

हे वाक्य आम्हाला लागले. कारण न नेलेला असा एक डबा आमच्यातल्या प्रत्येकाकडे आहे.

मग आम्ही ठरवले, हॅगिस घरी करून बघायचे. पोलादपूरला एका मावशीच्या घरी रविवारी जमलो. मेंढी मिळाली नाही, म्हणून महाडहून बोकडाची वजडी, काळीज, फुफ्फुस आणि चरबी आणली. मावशींनी वजडी गरम पाण्यात बुडवली, चुना लावला आणि काळा थर खरवडून पांढरीशुभ्र केली. आम्ही मोबाइलवर कृती वाचत होतो, त्यांचे हात मात्र थांबत नव्हते. ओट्सचे पाकीट बघून त्या म्हणाल्या, "हे कशाला? नाचणीचा भरडा भाजून घाला की." घातला. पिशवी गच्च भरून दोऱ्याने शिवली आणि चुलीवर ठेवली. तासाभरात ती फुटली. भरडा फुगायला जागाच ठेवली नव्हती. दुसरी पिशवी अर्धीच भरली, सुईने टोचली, ती तीन तास टिकली. बटाटा कुस्करून त्यासोबत खाल्ली. चव चांगली, पण तिखट नावालाही नाही. मावशींनी शेवटी लसूण-मिरचीचा रस्सा केलाच.

पण त्या दिवशीची लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. पातेले उकळू लागले तेव्हा मावशी उठल्या आणि त्यांनी खिडकी लावली. घर स्वतःचे, वस्ती आपली, शेजारी आपलेच. "कशाला लावली?" असे विचारल्यावर त्या ओशाळल्या. "सवय झाली रे. भाड्याच्या खोलीत होतो ना, वास गेला की मालक बोलायचा." मालक गेला, खोली गेली, खिडकी मात्र अजून लागतेच.

मित्रांनो, पदार्थ एकच आहे. जनावर कापले की काळीज, फुफ्फुस, वजडी आधी खराब होते, म्हणून ते लगेच शिजवायचे आणि काही वाया घालवायचे नाही, हे शहाणपण जगभरच्या गरिबांचे आहे. आपली रक्ती घ्या. रक्त आणि ओट्स घालून केलेले ब्लॅक पुडिंग ब्रिटनमध्ये हॉटेलातल्या नाश्त्याला वाढतात. स्टॉर्नोवे गावच्या ब्लॅक पुडिंगला २०१३ साली भौगोलिक संरक्षणही मिळाले. गरिबी तिथेही होती, पण गरिबाच्या ताटाला जन्माचा विटाळ चिकटवलेला नव्हता. आपल्याकडे आधी माणूस अशुद्ध ठरवला आणि मग त्याचे अन्न.

महाडच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांचा जमाव परिषदेच्या मंडपावर चालून आला, तेव्हा लोक जेवत होते. अन्न मातीत कालवले गेले, भांडी फोडली गेली. पाण्याच्या हक्कावरचा राग अन्नावर निघाला. तो हल्ला दगड-काठ्यांचा होता. आजचा हल्ला नाक मुरडण्याचा आहे, आणि त्याने आपल्याच हातांनी आपली खिडकी लावून घेतली आहे.

इथे चळवळीतलाच कुणी विचारेल, "बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितले, ते तुम्ही परत आणता काय?" प्रश्न रास्त आहे, उत्तरही स्पष्ट आहे. बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते मेलेल्या जनावराचे मांस आणि दारोदारचे शिळे तुकडे, कारण त्यांच्यासोबत गुलामी येत होती. स्वतःच्या घामाच्या पैशाने आणलेल्या ताज्या वजडीत कसली गुलामी? गुलामी आहे ती लाजेत. ज्याला ते खायचे नाही त्याने खाऊ नये, तो त्याचा अधिकार. पण दुसऱ्याच्या नाकाला घाबरून सोडणे म्हणजे सुधारणा नव्हे.

आणखी एक सावधगिरी. स्कॉटलंडचे लोक खातात म्हणून वजडी चांगली, असे आम्ही म्हणत नाही. साहेबाच्या शिक्क्याने मिळालेला स्वाभिमान उसना असतो. हॅगिसचा फोटो अभिमानाने टाकणारा आपला तरुण रक्तीचा फोटो टाकत नाही, तेवढा उसनेपणा आजच दिसतो. स्कॉटिश माणसाकडून घ्यायचे ते एवढेच, की त्याने आपल्या आजीचा पदार्थ लपवला नाही.

शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली. महाड-पोलादपूरच्या चुलींची नोंद कोण करणार? आपणच. पुढचा २० मार्च येण्याआधी प्रत्येकाने आपल्या आई-आजीजवळ, मावशीजवळ बसून एकेक कृती लिहून काढावी. चुना किती, आच किती, मसाला कोणता, आणि हा पदार्थ कुणापासून लपवावा लागला, तेही.

आम्ही पहिली कृती लिहिली आहे, मावशींच्या वजडीची. ती लिहून होईपर्यंत त्यांची खिडकी उघडी होती.

जय भीम!